बजाज चेतक : उत्पादनाचा इतिहास

बजाज चेतक हे बजाज ऑटो या भारतीय कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेल्या गिअरच्या स्कूटरचे नाव होय. महाराणा प्रताप यांच्या चेतक या अश्वावरून हे नाव देण्यात आले. पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्यात ही स्कूटर तयार होत असे. सुमारे तीन दशके ती भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे प्रमुख वाहन होती. २००५–०६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. २०२० मध्ये याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली.

चेतकच्या उत्पादनाचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९९१ पूर्वी भारतात एखाद्या कारखान्याने किती वाहने तयार करावीत, हे मुख्यतः ग्राहकांच्या मागणीवर ठरत नसे. ते सरकारी परवान्यावर ठरत असे. त्यामुळे त्या काळातील उत्पादनाचा आकडा हा मागणीचा आकडा नसून परवानगीचा आकडा आहे. मागणी किती होती, याची कल्पना उत्पादनापेक्षा ग्राहकांच्या प्रतीक्षायादीवरून अधिक येते.

पार्श्वभूमी

बजाज ऑटोची स्थापना २९ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने झाली. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्या उद्योगसमूहातील ही कंपनी होती. १९४८ पासून ती परदेशातून दुचाकी व तीनचाकी वाहने आणून विकू लागली. १९५९ मध्ये ही वाहने भारतात तयार करण्याचा परवाना तिला मिळाला व १९६० मध्ये ती सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली.

तयार करावयाची स्कूटर इटलीतील पियाज्जो कंपनीच्या ‘वेस्पा’ची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जोने १९४६ मध्ये वेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने केला होता. सांगाड्यावर पत्रा चढवण्याऐवजी पत्र्याच्या कवचालाच सांगाड्याचे काम द्यावयाचे, ही विमानबांधणीतील कल्पना त्याने स्कूटरमध्ये वापरली. पियाज्जोशी झालेल्या करारानुसार १९६० च्या दशकाच्या आरंभी आकुर्डी येथे वेस्पा १५० चे उत्पादन सुरू झाले. मुंबईत त्याआधीपासून ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ‘लॅम्ब्रेटा’ स्कूटर तयार करीत होती.

पियाज्जोबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यानंतर स्कूटरवर वेस्पाऐवजी बजाज हे नाव आले आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आली. तिची बांधणी वेस्पा स्प्रिंट या नमुन्यावर आधारलेली होती.

रचना

मूळ चेतकला १४५.४५ घन सेंटिमीटर क्षमतेचे, एक सिलिंडरचे, दोन आघातांचे (टू-स्ट्रोक) इंजिन होते. चार गिअर असून ते डाव्या हाताची मूठ फिरवून बदलता येत. इंजिन मागील चाकाच्या उजव्या बाजूस बसवलेले असल्याने वजन किंचित उजवीकडे झुकलेले असे. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून भरावे लागे. चाके लहान व सारख्या आकाराची असल्याने पुढे किंवा मागे कोणतेही चाक पंक्चर झाले, तरी एकच स्टेपनी उपयोगी पडत असे.

पोलादी पत्र्याच्या या बांधणीचा उत्पादनाशी थेट संबंध होता. असे कवच तयार करण्यासाठी मोठी दाबयंत्रे आणि महागडे साचे लागतात. साचा एकदा तयार झाला की त्यातून मोठ्या संख्येने सारखे भाग काढता येतात आणि संख्या वाढेल तसा प्रत्येक नगामागचा खर्च कमी होतो. मात्र आकार बदलावयाचा झाल्यास साचेही नवे करावे लागतात. जी वस्तू आहे त्याच रूपात वर्षानुवर्षे विकली जात आहे, तिच्यासाठी असा खर्च करण्याचे कारण उत्पादकाला उरत नाही. चेतकचे बाह्यरूप तीन दशके फारसे बदलले नाही, याचे एक कारण येथे सापडते. बदल झाले ते प्रामुख्याने विद्युत यंत्रणा, दिवे आणि प्रज्वलन यांत.

परवाना आणि उत्पादनमर्यादा

औद्योगिक (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ नुसार मोठ्या कारखान्यास सरकारी परवाना आवश्यक होता व त्यात उत्पादनक्षमता नमूद केलेली असे. ती वाढवावयाची झाल्यास पुन्हा अर्ज करावा लागे. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमामुळे मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्तारावर आणखी एक तपासणी आली. परकीय चलनाची टंचाई, आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण टाळण्याचे धोरण आणि भांडवल अधिक निकडीच्या उद्योगांकडे वळवण्याचा विचार ही या नियमनामागील कारणे होती. खासगी वाहन ही त्या काळी चैनीची वस्तू मानली जात असे.

राहुल बजाज यांनी १९६८ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतली. उत्पादनक्षमता वाढवण्यास परवानगी मिळत नाही, ही त्यांची जाहीर तक्रार होती. लोकांना हव्या असलेल्या वस्तूचे उत्पादन परवान्याहून अधिक केले म्हणून तुरुंगात जावे लागले तरी हरकत नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. तथापि, परवाना पद्धतीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. तिने जसे बजाजचे उत्पादन रोखले, तसेच नव्या स्पर्धकांनाही बाजाराबाहेर ठेवले. तयार झालेली प्रत्येक स्कूटर विकली जाणार, याची खात्री कंपनीला या पद्धतीनेच दिली होती.

याच काळात शासकीय सहभागातून उत्पादन वाढवण्याचे प्रयत्न झाले. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होऊ लागली. केंद्र सरकारने १९७२ मध्ये लखनौ येथे स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि तिने लॅम्ब्रेटाच्या तंत्रावर आधारित ‘विजय सुपर’ बाजारात आणली. तरीही ग्राहकांची पसंती मुख्यतः बजाजच्या स्कूटरलाच राहिली.

नोंदणी व प्रतीक्षा

मागणी आणि परवानगी यांतील अंतर ग्राहकाने वर्षांच्या रूपात मोजले. स्कूटर हवी असल्यास अनामत रक्कम भरून नाव नोंदवावे लागे आणि नंतर क्रमांक येण्याची वाट पाहावी लागे. काही काळ ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत पोहोचली होती. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी काही वाहने राखीव असत आणि परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास स्कूटर लवकर मिळे. त्यामुळे परदेशात नोकरीस असलेल्या नातेवाइकामार्फत नोंदणी करण्याची पद्धत रूढ झाली.

क्रमांक लागलेली स्कूटर लगेच दुसऱ्यास विकून नफा मिळवण्याचे प्रकारही वाढले. छापील किमतीवर द्याव्या लागणाऱ्या या जादा रकमेस बोलीभाषेत ‘ऑन’ म्हणत. जुन्या पण चालू स्थितीतील स्कूटरलाही चांगली किंमत येत असे. वस्तू वापरल्यावर तिचे मोल घटते, हा सर्वसामान्य नियम येथे टंचाईमुळे पुष्कळदा उलटा झाला होता. मुलाचा जन्म झाल्यावर, मुलीचे लग्न ठरण्याच्या कितीतरी आधी किंवा नोकरी लागताच नाव नोंदवून ठेवणारी कुटुंबे होती. लग्नात वरपक्षाकडून स्कूटरची मागणी होणे हेही त्या काळातील एक कटू वास्तव होते; टंचाईच्या वस्तूचा भार अशा वेळी वधूपित्यावर पडत असे.

उत्पादनवाढीचे टप्पे

पुढील आकडे चेतकच्या नव्हे, तर बजाज ऑटोच्या एकूण वाहनांचे आहेत. त्यांत चेतकबरोबर कंपनीच्या इतर स्कूटर, तीनचाकी रिक्षा आणि नंतरच्या काळात मोपेड व मोटरसायकली यांचाही समावेश होतो. हे आकडे अनेकदा एकट्या चेतकचे म्हणून उद्धृत केले जातात. ते योग्य नव्हे.

| वर्ष | टप्पा |
|---|---|
| १९७० | कारखान्यातून एक लाखावे वाहन बाहेर पडले |
| १९७२ | चेतक बाजारात |
| १९७६ | बजाज सुपर ही स्कूटर बाजारात |
| १९७७ | एकाच आर्थिक वर्षात एक लाख वाहनांचे उत्पादन व विक्री |
| १९८५ | वाळूज येथील कारखाना सुरू |
| १९८६ | एकाच आर्थिक वर्षात पाच लाख वाहने |
| १९९५ | एकाच आर्थिक वर्षात दहा लाख वाहने. आरंभापासूनचे एक कोटीवे वाहन |
| १९९८ | लेजंड ही चार आघातांच्या इंजिनाची स्कूटर |
| १९९९ | चाकण येथील कारखान्यात उत्पादन सुरू |

हे टप्पे वेळेच्या मापाने पाहिल्यास वाढीचा वेग स्पष्ट होतो. पहिली एक लाख वाहने तयार होण्यास सुमारे नऊ ते दहा वर्षे लागली. १९७७ मध्ये तेवढेच काम एका वर्षात झाले. १९८६ च्या वेगाने एक लाख वाहनांना सुमारे ७३ दिवस पुरत होते, तर १९९५ च्या वेगाने ३६ ते ३७ दिवस. दिवसाच्या हिशेबाने १९७७ मध्ये सरासरी सुमारे २७५, १९८६ मध्ये सुमारे १,३७० आणि १९९५ मध्ये सुमारे २,७४० वाहने तयार झाली. (येथे वर्षाचे ३६५ दिवस धरले आहेत, प्रत्यक्ष कामाचे दिवस त्याहून कमी असतात.)

या आकड्यांतून एक अनपेक्षित गोष्टही दिसते. १९७७ ते १९८६ या नऊ वर्षांत वार्षिक उत्पादन पाचपट झाले. म्हणजे दरवर्षी सरासरी सुमारे १९ ते २० टक्के वाढ झाली. त्यानंतरच्या नऊ वर्षांत ते दुप्पट झाले. ही वाढ दरवर्षी सुमारे ८ टक्के भरते. परवाना पद्धत २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतांश उद्योगांतून रद्द झाली, परंतु सर्वांत वेगवान वाढ त्याआधीच होऊन गेली होती. याची कारणे दोन दिसतात. निर्बंध १९८० च्या दशकातच क्रमाने सैल होऊ लागले होते. शिवाय पहिल्या कालखंडातील वाढीमागे वर्षानुवर्षे साठून राहिलेली मागणी होती. धरणाचे दार थोडे उघडले तरी प्रथम जोराचा प्रवाह येतो, तसे हे घडले. साठा ओसरल्यावर उत्पादन खऱ्या बाजारमागणीच्या गतीने वाढू लागले.

वाळूजचा कारखाना आणि मराठवाडा

वाढत्या उत्पादनास आकुर्डीची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा दुसऱ्या कारखान्यासाठी औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज या ठिकाणाची निवड झाली. तेथे १९८४ मध्ये पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले.

मराठवाडा हा निजामाच्या राज्यातून आलेला, मुख्यतः कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेला विभाग. मोठा खासगी कारखाना येथे येणे ही तोपर्यंत दुर्मिळ गोष्ट होती. वाहनाचा कारखाना एकटा उभा राहत नाही. ओतीव भाग, दिवे, प्लास्टिकचे भाग, रबर, रंग यांचे लहानमोठे पुरवठादार त्याच्या भोवती जमतात. १९८५ नंतरच्या काही वर्षांत वाळूज परिसरात असेच घडले. आज वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात मोठ्या गणल्या जाणाऱ्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्यांची सुरुवात औरंगाबाद येथे बजाजच्या पुरवठादार म्हणूनच झाली. आयटीआय झालेल्या तरुणास पुणे-मुंबईखेरीज मराठवाड्यातच कारखान्यात काम मिळण्याची शक्यता यामुळे निर्माण झाली. बीड, परभणी, नांदेड, लातूर या जिल्ह्यांतील तरुणांना वाळूज हे नाव परिचित झाले ते या कारणाने.

पुढे वाळूज मोटरसायकली व तीनचाकी वाहनांसाठी ओळखले जाऊ लागले, तर स्कूटरचे मुख्य केंद्र आकुर्डीच राहिले. चेतकच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची ठरली. कंपनीचा नवा विस्तार ज्या वाहनांसाठी झाला, तीच वाहने काही वर्षांत स्कूटरची जागा घेणार होती.

स्पर्धा आणि उतार

१९८० च्या दशकाच्या मध्यास सरकारने दुचाकी उद्योगात परदेशी तंत्रसहकार्यास मुभा दिली. कानपूरची एलएमएल पियाज्जोच्या सहकार्याने वेस्पा तयार करू लागली. कायनेटिक होंडाने गिअर नसलेली, बटन दाबून सुरू होणारी स्कूटर आणली. जपानी तंत्राच्या १०० घन सेंटिमीटरच्या मोटरसायकलींपैकी हीरो होंडाची १९८५ मधील सीडी १०० ही कमी पेट्रोलमध्ये लांब पल्ला गाठणारी म्हणून लोकप्रिय झाली. बजाजनेही १९८६ मध्ये जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने केबी १०० ही मोटरसायकल आणली.

‘हमारा बजाज’ ही दूरदर्शनवरील गाजलेली जाहिरात १९८९ मधील आहे. प्रतीक्षायादी असताना ज्या वस्तूला जाहिरातीची गरज नव्हती, तिच्यासाठी राष्ट्रव्यापी जाहिरात करावी लागली, यावरून बाजार बदलू लागल्याचे ध्यानात येते.

चेतकला मागे टाकणारी कारणे अनेक होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल अधिक लागे व धूर अधिक होई. दुचाकी वाहनांसाठी १९९१, १९९६ आणि २००० मध्ये क्रमाने कडक होत गेलेल्या प्रदूषण मानकांमुळे असे इंजिन टिकवणे कठीण झाले. ग्रामीण भागातील खडबडीत रस्त्यांवर मोठ्या चाकांची मोटरसायकल अधिक सोयीची ठरली. शहरांत महिला व विद्यार्थी यांनी गिअर नसलेल्या स्कूटर पसंत केल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतात मोटरसायकलींची विक्री स्कूटरच्या पुढे गेली. २००१ मध्ये आलेल्या पल्सरनंतर स्वतः बजाज ऑटोचीही ओळख मोटरसायकल उत्पादक अशी झाली.

चेतकला शेवटच्या काळात चार आघातांचे (फोर-स्ट्रोक) इंजिन देण्यात आले, परंतु घसरण थांबली नाही. तिचे उत्पादन बंद झाल्यानंतर सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डी येथील वाहन उत्पादनही थांबवण्यात आले. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय ठेवला गेला. ज्या कारखान्याला अधिक उत्पादनाची परवानगी मिळावी म्हणून एकेकाळी झगडावे लागले, तेथेच परवानगीची गरज संपल्यावर सोळा वर्षांत उत्पादन बंद झाले. डिसेंबर २००९ मध्ये व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटरचे उत्पादन पूर्णपणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. राहुल बजाज यांनी त्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला.

विद्युत चेतक

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजेवर चालणारी चेतक सादर करण्यात आली व जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बेंगळुरू येथे तिची विक्री सुरू झाली. धातूच्या पत्र्याचे बाह्यांग आणि गोलसर आकार यांत जुन्या चेतकची आठवण राखली असली, तरी यंत्ररचनेच्या दृष्टीने दोन्हींत काही समान नाही. नव्या चेतकला विद्युत मोटर व लिथियम-आयन बॅटरी असून गिअर नाहीत.

जून २०२२ मध्ये आकुर्डी येथे विद्युत वाहनांचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. त्याची नियोजित क्षमता वर्षाला ५ लाख वाहनांची आहे. आरंभीची दोन-तीन वर्षे विक्री मर्यादित होती. पुढे ती झपाट्याने वाढली. २०२३–२४ या आर्थिक वर्षात एक लाखाहून अधिक, तर २०२४–२५ मध्ये दोन लाखांहून अधिक वाहनांची देशात नोंदणी झाली. २०२५ च्या मध्यास चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्याने मोटरसाठी लागणाऱ्या चुंबकांची टंचाई निर्माण झाली आणि चेतकच्या उत्पादनाला त्याची झळ बसली. पहिल्या चेतकची संख्या देशातील परवान्याने मर्यादित केली होती, तर नव्या चेतकच्या संख्येवर परदेशातून येणाऱ्या कच्च्या मालाची मर्यादा पडू शकते, हे यातून दिसून आले.

इतर वाहनांशी तुलना

दीर्घकाळ तयार होत राहिलेल्या वाहनांच्या आकड्यांशी तुलना केल्यास चेतकच्या इतिहासाचे वेगळेपण लक्षात येते. अमेरिकेतील शेवरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या वर्षी, १९५३ मध्ये, केवळ ३०० गाड्या तयार झाल्या. दहा लाखावी कॉर्व्हेट २ जुलै १९९२ रोजी तयार झाली. जर्मनीची पोर्शे ९११ ही १९६३ मध्ये प्रथम प्रदर्शित झाली आणि तिची दहा लाखावी गाडी ११ मे २०१७ रोजी कारखान्याबाहेर पडली. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत संख्या कमी असणे हा तिच्या प्रतिष्ठेचा भाग असतो. उत्पादक ती काही अंशी जाणूनबुजून कमी ठेवतो.

वेस्पा हे चेतकचे मूळ रूप असल्याने तिची तुलना अधिक जवळची आहे. इटलीत १९४६ मध्ये सुमारे अडीच हजार वेस्पा विकल्या गेल्या आणि दहाच वर्षांत, १९५६ मध्ये, दहा लाखाव्या वेस्पाचा टप्पा गाठला गेला. त्याच घराण्यातील स्कूटर तयार करणाऱ्या भारतीय कारखान्यास पहिल्या दहा वर्षांत एक लाखाच्या आसपासच पोहोचता आले. क्रयशक्ती, सुट्या भागांची उपलब्धता आणि परकीय चलन यांचा या फरकात वाटा आहे. तथापि, स्कूटर घेण्यास पैसे भरून तयार असलेल्या ग्राहकांची रांग दहा वर्षांपर्यंत लांबली होती, हे पाहता परवान्याचा वाटाही लहान म्हणता येत नाही.

सामाजिक महत्त्व

लातूर, नांदेड, परभणी यांसारख्या जिल्ह्याच्या शहरांत पगारदार कुटुंबाचे पहिले मोटर वाहन बहुधा स्कूटरच असे. शिक्षक, बँक कर्मचारी, तलाठी, डॉक्टर, दुकानदार अशा अनेकांनी तिचा वापर केला. पुढे उभे राहिलेले मूल, मागे आडवी बसलेली आई आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल हे दृश्य त्या काळी नित्याचे होते. पायाशी असलेल्या सपाट जागेत धान्याचे पोते, गॅसची टाकी किंवा बाजाराच्या पिशव्या मावत. सुरू न होणारी स्कूटर डावीकडे कलती करून पुन्हा किक मारणे आणि प्लग काढून साफ करणे ही कामे चालकास स्वतःच यावी लागत. त्यामुळे साध्या यंत्रज्ञानाची तोंडओळख असंख्य घरांत झाली.

मराठवाड्यातील लहान गावांत दुरुस्ती करून वापरात ठेवलेल्या जुन्या चेतक अजूनही क्वचित पाहावयास मिळतात. भारतातील नियोजित अर्थव्यवस्था, १९९१ चे उदारीकरण आणि त्यानंतरची खुली स्पर्धा या तीनही कालखंडांचा अनुभव एकाच वस्तूच्या आधारे अभ्यासता येतो, म्हणून अर्थशास्त्र व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी चेतकचे उदाहरण उपयुक्त आहे.